मुक्त ध्वनी, कुलूपबंद गाणे: व्हॉर्बिसच्या परवान्याची पार्श्वभूमी

मोबाइलवरच्या किंवा संगणकावरच्या स्पॉटिफाय ॲपमध्ये आपण एखादे गाणे लावतो, तेव्हा ते बहुतेक वेळा ऑग व्हॉर्बिस या ध्वनिस्वरूपात आपल्यापर्यंत पोहोचते. हे स्वरूप ज्यांनी घडवले त्यांचा हेतू स्पष्ट होता: गाणे वाजवण्यासाठी, साठवण्यासाठी किंवा ते वाजवणारे सॉफ्टवेअर लिहिण्यासाठी कोणाचीही परवानगी घ्यावी लागू नये, कोणालाही पैसे द्यावे लागू नयेत. तेच स्वरूप आज जगातल्या एका मोठ्या संगीत-व्यवसायाच्या पोटात आहे, आणि त्यातून उतरवून घेतलेली फाइल मात्र कूटबद्ध असल्याने त्या ॲपबाहेर वाजत नाही. मुक्ततेसाठी घडवलेली वस्तू कुलपाच्या आत कशी गेली, हे समजून घ्यायचे तर १९९८ ते २००९ या काळाकडे बारकाईने पाहावे लागते. त्यातही २००१ साली झालेल्या परवान्याच्या एका बदलाकडे पाहावे लागते, कारण त्याची चर्चा व्हायला हवी होती तेवढी मराठीत कधीच झाली नाही.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीवर ध्वनीचे दर सेकंदाला ४४,१०० नमुने साठवलेले असतात, प्रत्येक नमुना १६ बिटांचा असतो आणि डावा-उजवा असे दोन प्रवाह असतात, म्हणजे सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट. एवढी माहिती त्या काळच्या डायल-अप जोडणीवरून पाठवणे शक्यच नव्हते. कानाला जे ऐकू येण्याची शक्यता कमी, ते वगळून हा प्रवाह १२८ किलोबिटांपर्यंत, म्हणजे साधारण अकराव्या हिश्श्यापर्यंत आणण्याची पद्धत जर्मनीतल्या एर्लांगेन येथील संशोधन संस्थेत आणि तिच्या सहकाऱ्यांकडे आकाराला आली. १९९३ मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानकाचा भाग म्हणून प्रसिद्ध झाली आणि १९९५ च्या जुलैमध्ये तिच्या फाइलींना एमपी३ हे शेपूट मिळाले. या मानकाचे वर्णन कोणालाही वाचता येत होते, नमुना म्हणून लिहिलेला सोर्स कोडही, म्हणजे प्रोग्रॅमची मूळ लिखित संहिताही, उपलब्ध होती, परंतु त्यातल्या कल्पनांवर अनेक पेटंटे होती. मानक उघडे आणि वापर बांधलेला, ही स्थिती सुरुवातीला फार थोड्यांच्या लक्षात आली.

ती सर्वांच्या लक्षात आली सप्टेंबर १९९८ मध्ये. हौसेने किंवा विद्यार्थिदशेत एमपी३ एन्कोडर, म्हणजे ध्वनीचे एमपी३ फाइलीत रूपांतर करणारे प्रोग्रॅम, लिहून ते वाटणाऱ्या लोकांना पेटंटधारक संस्थेकडून पत्रे गेली, आणि परवाना घेतल्याशिवाय असे सॉफ्टवेअर वाटता किंवा विकता येणार नाही असे त्यांत कळवलेले होते. अनेक छोटे प्रकल्प त्या महिन्यात बंद पडले. त्याच वर्षी फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो येथील एका बैठकीत सोर्स कोड उघडा ठेवलेल्या सॉफ्टवेअरसाठी ‘ओपन सोर्स’ हा शब्द स्वीकारला गेला होता, आणि ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत डिजिटल कुलपे तोडणे हाच गुन्हा ठरवणारा कायदा संमत झाला. या तिन्ही घटना एका वर्षातल्या आहेत हा योगायोग असेल, पण पुढची दहा वर्षे या तिघींच्या ओढाताणीतच गेली.

त्या पत्रांना दोन उत्तरे मिळाली. पहिले उत्तर लेम. १९९८ मध्येच सुरू झालेल्या या प्रकल्पाने मानकाचा नमुना-कोड घेतला आणि तो पूर्ण एन्कोडर न वाटता केवळ त्यावर करायच्या दुरुस्त्या वाटायला सुरुवात केली. त्याच्या नावाचा विस्तारच असा की ‘लेम म्हणजे एमपी३ एन्कोडर नव्हे’. ही चतुराई नव्हती, गरज होती. मे २००० पर्यंत मूळ नमुना-कोडचा शेवटचा तुकडाही बदलला गेला आणि लेम हा खरोखरच स्वतंत्र, आणि अनेक श्रोत्यांच्या मते पेटंटधारकांच्या एन्कोडरपेक्षा सरस, एन्कोडर झाला. तरीही प्रकल्पाने अनेक वर्षे केवळ सोर्स कोड दिला, तयार प्रोग्रॅम कधी दिला नाही, कारण सोर्स कोड म्हणजे मजकूर आणि तयार प्रोग्रॅम म्हणजे वस्तू, हा भेद त्यांना सांभाळायचा होता. ध्वनिसंपादनासाठी ऑडॅसिटी वापरणाऱ्यांना एमपी३ फाइल बनवण्यासाठी लेमची लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमला जोडता येणारा कोडचा संच, वेगळी शोधून आणावी लागे, ते याच कारणाने. ती सोय ऑडॅसिटीच्या आत यायला २०१९ उजाडले.

दुसरे उत्तर व्हॉर्बिस. अमेरिकेतल्या एका तरुण प्रोग्रॅमरने ठरवले की पेटंटच्या वाटेने जायचेच नाही. गणित वेगळे करायचे, स्वरूप वेगळे घडवायचे आणि त्याचे तपशील सार्वजनिक मालकीचे करून टाकायचे. मे २००० मध्ये या स्वरूपाचा आराखडा गोठवला गेला, म्हणजे त्या दिवशी बनवलेली फाइल पुढच्या प्रत्येक आवृत्तीत वाजेल याची हमी दिली गेली. १.० ही आवृत्ती जुलै २००२ मध्ये आली. या दरम्यान श्रोत्यांना एकमेकांच्या संगणकावरची गाणी उतरवून घेऊ देणारे नॅप्स्टर आले, खटले झाले, नॅप्स्टर बंद पडले. ती कथा सर्वांना ठाऊक आहे आणि तिच्यामुळे संगीताच्या डिजिटल इतिहासात चोरी हा एकच विषय आहे असा समज पसरला. मला तो समज अन्यायकारक वाटतो. ज्यांनी या काळात सर्वांत अधिक टिकाऊ काम केले, त्यांनी कोणाचेही गाणे चोरले नव्हते. ते गाणे वाहून नेणारी गाडी बांधत होते.

पेटंटचा प्रश्न सामान्य वापरणाऱ्यापर्यंत कसा पोहोचला याचा एक जवळचा अनुभव सांगतो. २००३ च्या उन्हाळ्यात पुण्यात एका मित्राने मला लिनक्स या मुक्त संगणक-प्रणालीच्या एका मोठ्या वितरणाच्या, म्हणजे वापरायला तयार संचाच्या, तीन सीडी लिहून दिल्या. सगळे नीट बसले, देवनागरी अक्षरेही बऱ्यापैकी दिसली, आणि मग गाणी वाजवण्याच्या प्रोग्रॅममध्ये एक एमपी३ फाइल उघडली. गाणे वाजले नाही. एक लहान करडी चौकट आली आणि पेटंटच्या परवान्याच्या कारणाने एमपी३ ची सोय काढून टाकली असल्याचे तिने कळवले. खाली एकच बटण होते. माझ्या शेजारी बसलेले वडील म्हणाले, “मग हे फुकट मिळालं ते काय कामाचं?” त्यांचा प्रश्न अगदी योग्य होता आणि त्याचे उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही.

उत्तर असे होते. सुरुवातीच्या काळात पेटंटांचा परवाना पाहणाऱ्या कंपनीने असे जाहीर केले होते की, इंटरनेटवरून मोफत वाटल्या जाणाऱ्या आणि व्यक्तिगत वापरासाठी असलेल्या प्लेअरसाठी शुल्क अपेक्षित नाही. ऑगस्ट २००२ च्या सुमारास हे वाक्य तिच्या दरपत्रकात दिसेनासे झाले आणि डिकोडरच्या, म्हणजे फाइल उलगडून वाजवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, प्रत्येक प्रतीमागे ७५ सेंट हा दर उरला. धोरण बदललेले नाही असा कंपनीचा खुलासा होता, परंतु वितरणे बनवणाऱ्यांना त्यावर विसंबता येईना. त्याहून महत्त्वाची अडचण जीपीएल या, मुक्त सॉफ्टवेअर ज्याखाली वाटले जाते त्या परवान्यातच होती. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीतले सातवे कलम सांगते की, पेटंटमुळे जर पुढच्या प्रत्येकाला शुल्काशिवाय वाटण्याचा हक्क देता येत नसेल, तर तुम्हीही तो प्रोग्रॅम वाटू नये. म्हणजे ७५ सेंट भरण्याची ऐपत असली तरी भरून उपयोग नव्हता; भरणाऱ्याला हक्क मिळाला असता, त्याच्याकडून प्रत घेणाऱ्याला मिळाला नसता. फुकट मिळणे आणि मुक्त असणे यांतला फरक त्या करड्या चौकटीत होता.

इथे ‘मुक्त’ या शब्दापाशी थोडे थांबावे लागते, कारण मराठीत या विषयावर जे लिहिले जाते त्यातला बराच गोंधळ या एका शब्दाचा आहे. इंग्रजीत ‘फ्री’ या शब्दाला स्वतंत्र आणि विनामूल्य असे दोन्ही अर्थ असल्याने तिथल्या चळवळीला आयुष्यभर खुलासे करावे लागले. आपल्याकडे ती अडचण नसायला हवी होती, कारण विनामूल्य यासाठी फुकट आणि मोफत हे शब्द आहेत आणि स्वातंत्र्यासाठी मुक्त आहे. मोफत हा शब्द फारसीतून आलेला, मुक्त हा संस्कृतातला. त्यांचे नाते केवळ कानाला भासणारे आहे. तरीही वृत्तपत्रांनी ‘मोफत सॉफ्टवेअर’ आणि ‘मुक्त सॉफ्टवेअर’ आलटून पालटून छापले.

पण खरा गुंता त्यापुढचा आहे. १९९८ मध्ये ‘ओपन सोर्स’ हा शब्द मुद्दाम आणला गेला, कारण कंपन्यांशी बोलताना स्वातंत्र्याची भाषा टाळायची होती आणि उपयुक्ततेची भाषा करायची होती. दोन शब्दांमागे दोन वृत्ती होत्या: एक म्हणत होती की वापरणाऱ्याचा हक्क ही नैतिक बाब आहे, दुसरी म्हणत होती की सोर्स कोड उघडा ठेवल्याने सॉफ्टवेअर चांगले होते. मराठीत आपण दोन्हींना ‘मुक्त’च म्हटले. त्याला आधारही होता, कारण नाशिकच्या मुक्त विद्यापीठामुळे ‘ओपन’साठी मुक्त हा शब्द घराघरांत रुळलेला होता, आणि त्या विद्यापीठात शुल्क भरावे लागते हे ठाऊक असल्याने ‘मुक्त’चा अर्थ फुकट असा कोणी करत नव्हते. ‘मुक्तस्रोत’ हा शब्द त्यातूनच सहज घडला. परंतु या सोयीमुळे आपल्याला वाद दिसेनासा झाला. ‘खुला’ हा शब्द ‘ओपन’साठी आणि ‘मुक्त’ हा ‘फ्री’साठी राखून ठेवला असता, तर कोण कोणाला काय मोकळे करून देत आहे हा प्रश्न मराठी वाचकाला निदान विचारता आला असता. दार खुले असणे आणि माणूस मुक्त असणे या दोन गोष्टी आपली भाषा वेगळ्या ओळखते.

व्हॉर्बिसच्या परवान्याचा बदल नेमका या फटीत घडला. त्याच्या लायब्रऱ्या सुरुवातीला एलजीपीएल या, जीपीएलच्या सौम्य रूपाच्या परवान्याखाली होत्या. कोणीही त्या वापराव्यात, बंद सॉफ्टवेअरलाही जोडाव्यात, पण लायब्ररीत केलेले बदल उघड करावेत आणि वापरणाऱ्याला ती लायब्ररी बदलून पाहण्याची सोय ठेवावी, एवढी त्याची अट असते. २००१ च्या सुरुवातीला प्रकल्पाने ही अट काढली आणि लायब्रऱ्या बीएसडी पद्धतीच्या सैल परवान्याखाली आणल्या; सोबतची साधने जीपीएलखालीच राहिली. सैल परवाना एवढेच मागतो की मूळ लेखकांची नोंद ठेवा. बदल उघड करण्याची सक्ती नाही, आणि त्याच कोडभोवती कुलूप घालायलाही मनाई नाही.

बदलाच्या बाजूचा युक्तिवाद भक्कम होता. स्वरूप जगते ते वाजवणाऱ्या उपकरणांवर. खिशातले प्लेअर बनवणाऱ्या कारखान्यांचे वकील एलजीपीएल पाहून मागे सरत होते, कारण चिपमध्ये कायमचे भाजलेले सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला बदलता येण्याची सोय ठेवायची कशी, हा त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. संगणकीय खेळ बनवणाऱ्या कंपन्यांना एमपी३ चे शुल्क टाळायचे होते आणि त्यांना व्हॉर्बिस हवेच होते, फक्त परवान्याची भानगड नको होती. आश्चर्य वाटेल, पण मुक्त सॉफ्टवेअर चळवळीच्या संस्थापकानेही या सैलपणाला संमती दिली. आपला परवाना नेहमी कडक ठेवणाऱ्या त्या गृहस्थांचे म्हणणे असे होते की, इथे खरी लढाई व्हॉर्बिस आणि पेटंटग्रस्त स्वरूप यांच्यात आहे. व्यापारी कंपन्यांनी व्हॉर्बिस घेतले नाही तर सगळ्यांनाच बंधनातल्या स्वरूपात जावे लागेल, म्हणून लहान हक्क सोडून मोठा हक्क वाचवावा.

विरोधात बोलणाऱ्यांचे म्हणणे त्या वेळी फारसे ऐकले गेले नाही. त्यांना दिसत होते ते असे की, स्वरूप मुक्त राहील पण त्या स्वरूपातले गाणे मुक्त राहील याची हमी कोणीच देत नाही. एलजीपीएल ठेवला असता तरी गाण्यावरचे कुलूप त्याने पूर्ण अडवले असते असे म्हणता येत नाही, हेही खरे. तरी अट असती तर निदान संवाद करावा लागला असता. माझे स्वतःचे मत असे की निर्णय बरोबर होता, परंतु तो घेताना श्रोत्याला गृहीत धरले गेले. एन्कोडर लिहिणारा, उपकरण बनवणारा आणि खेळ विकणारा या तिघांची मोकळीक मोजली गेली. गाणे विकत घेऊन ते जपून ठेवू पाहणाऱ्याची मोकळीक या हिशेबात कुठेच नव्हती.

बदलाचा उपयोग झाला, पण अपेक्षेपेक्षा उशिरा आणि वेगळ्या जागी. स्वस्त चिपांना अपूर्णांकांचे गणित झेपत नसे, म्हणून केवळ पूर्णांकांवर चालणारा ट्रेमर हा डिकोडर २००२ मध्ये त्याच सैल परवान्याखाली दिला गेला आणि काही प्लेअरांत व्हॉर्बिस वाजू लागले. मुख्य बाजारपेठ मात्र हलली नाही. डिसेंबर २००७ मध्ये वेबपानांच्या नव्या मानकाच्या मसुद्यातून व्हॉर्बिससह ऑग कुळातल्या स्वरूपांची शिफारस वगळण्यात आली. फोन आणि संगणक बनवणाऱ्या दोन बड्या कंपन्यांचा आक्षेप होता. लपलेली पेटंटे निघतील ही त्यांची भीती होती, असे कारण दिले गेले. ज्यांची पेटंटे उघड होती त्यांच्याबद्दल कोणी भीती व्यक्त केली नाही, हे मला तेव्हाही खटकले आणि आजही खटकते.

या काळात संगीत कंपन्या काय करत होत्या, हे एका प्रसंगातून पुरेसे कळते. ऑक्टोबर २००५ च्या अखेरीस उघड झाले की, एका मोठ्या रेकॉर्ड कंपनीच्या पन्नासहून अधिक अल्बमांच्या सीडी विंडोज संगणकात घातल्या की नक्कल रोखणारे सॉफ्टवेअर गुपचूप बसते, स्वतःला लपवते आणि इतर घातक प्रोग्रॅमना लपायला जागा करून देते. सीडी परत मागवाव्या लागल्या, खटले झाले. त्या सॉफ्टवेअरची चिरफाड करणाऱ्यांना आत लेमचे आणि इतर मुक्त प्रकल्पांचे कोडचे तुकडे सापडले, आणि त्यांच्या परवान्याच्या अटी पाळलेल्या नव्हत्या. श्रोत्याने परवाना मोडू नये म्हणून जे लिहिले, ते दुसऱ्यांचे परवाने मोडून लिहिलेले होते. आठवड्याअखेरी आणि रात्री जागून लेम लिहिणाऱ्या लोकांना हे वाचून काय वाटले असेल, याचा विचार मी पुष्कळदा करतो.

कुलपांचा काळ मग हळूहळू ओसरला, निदान विकत घेतलेल्या गाण्यांपुरता. एप्रिल २००३ मध्ये ९९ सेंटला गाणे विकणारे आयट्यून्सचे दुकान कुलपासह उघडले. एप्रिल २००७ मध्ये एका रेकॉर्ड कंपनीने तिथे बिनकुलपाची गाणी द्यायचे मान्य केले आणि जानेवारी २००९ मध्ये उरलेल्यांनीही. दरम्यान २००८ मध्ये दोन मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांनी आपापल्या संगीत दुकानांचे कुलूप-सर्व्हर बंद करायचे जाहीर केले होते, म्हणजे पैसे मोजून घेतलेली गाणी नव्या संगणकावर उघडणार नव्हती. ओरड झाल्यावर एकीने मुदत वाढवली, दुसरीने भरपाई देऊ केली. विकत घेतलेले गाणे हे आपले नसून एक परवाना आहे, ही गोष्ट अनेकांना त्या वर्षी प्रथम कळली.

त्याच वर्षी, ऑक्टोबर २००८ मध्ये, स्टॉकहोममधल्या स्पॉटिफाय या कंपनीने आपली सेवा खुली केली. ध्वनीसाठी तिने व्हॉर्बिस निवडले, कारण त्यावर कोणाला शुल्क द्यायचे नव्हते आणि परवाना मूळ लेखकांच्या नोंदीपलीकडे काही मागत नव्हता. सुरुवातीची काही वर्षे गाणी पोहोचवण्यासाठी तिने श्रोत्यांच्याच संगणकांचे परस्पर जाळे वापरले, म्हणजे ज्या तंत्राला नॅप्स्टरच्या वेळी न्यायालयात खेचले होते तेच. २०१४ मध्ये ते थांबवले. मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांनी या सेवेला गाणी दिली आणि तिचे भागही घेतले. विकत घेतलेल्या गाण्यावरचे कुलूप सुटले आणि भाड्याच्या गाण्यावर बसले. २००१ मध्ये सैल केलेल्या अटीची परिणती ती हीच: कोड, स्वरूप आणि सर्व्हरवरचे लिनक्स मुक्त, आणि श्रोत्याच्या हातातली फाइल बंद.

आपल्याकडे हा वाद वेगळ्या शब्दावर अडकला. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांना रॉयल्टीत वाटा दिला आणि नभोवाणी व दूरचित्रवाणी यांना ठरावीक दराने गाणी वाजवण्याचा वैधानिक परवाना मिळण्याची वाट ३१-ड या कलमाने उघडली. त्याच दुरुस्तीत कुलपे तोडण्याविरुद्धचे कलम आले, पण कायद्याने मनाई नसलेल्या कामासाठी कुलूप काढणे गुन्हा नाही, अशी सवलतही त्यातच आहे. अमेरिकी कायद्यापेक्षा ही भूमिका बरीच उदार आहे आणि तिचे श्रेय आपण पुरेसे देत नाही. पुढे एका स्ट्रीमिंग ॲपने ३१-ड कलम आपल्यालाही लागू आहे असा दावा केला. एप्रिल २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो नाकारला, कारण ते कलम नभोवाणी आणि दूरचित्रवाणीपुरतेच आहे, आणि २०२२ मध्ये खंडपीठानेही तोच निर्णय कायम ठेवला. संगीत कंपनीला हवा तो दर मागण्याची मोकळीक राहिली. वादात तंत्रज्ञान कंपनी होती आणि संगीत कंपनी होती. गाणे डाउनलोड करणारा पक्षकार नव्हता.

एमपी३ चा परवाना-कार्यक्रम २३ एप्रिल २०१७ रोजी संपला. पेटंटांची मुदत संपली होती. एमपी३ मेल्याच्या बातम्या त्या महिन्यात जगभर छापल्या गेल्या, प्रत्यक्षात ते स्वरूप त्या दिवशी पहिल्यांदा मोकळे झाले आणि ज्या लिनक्स वितरणांनी ते काढून टाकले होते त्यांनी ते परत आणले. व्हॉर्बिसच्या कुळातले ओपस हे स्वरूप सप्टेंबर २०१२ मध्ये इंटरनेटचे मानक झालेलेच होते. व्हॉट्सॲपवर घरच्यांचा आवाज येतो तो त्यातूनच येतो.

२००४ मध्ये मी आत्याच्या जात्यावरच्या ओव्यांची कॅसेट संगणकावर उतरवली होती. ४१ मिनिटांची मूळ फाइल सुमारे ४०० मेगाबाइटची झाली, ती व्हॉर्बिसमध्ये ४० मेगाबाइटच्या आत बसली. कॅसेट आता चिकटून गेली आहे, आत्या नाही. चार संगणक आणि तीन फोन बदलले, ती फाइल प्रत्येक ठिकाणी जशीच्या तशी नकलली गेली आणि आजही जात्याच्या घरघरीसह वाजते. त्याच फोनवरच्या स्पॉटिफाय ॲपमध्ये उतरवून ठेवलेली गाणीही व्हॉर्बिसच आहेत, आणि ती टिकवायची तर फोन दर ३० दिवसांत किमान एकदा इंटरनेटला जोडून वर्गणी चालू असल्याचे दाखवावे लागते.